लोखंडी नांगराचे शिल्पकार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



तुमच्या गोठ्याच्या मागे, नाहीतर बांधावरच्या बाभळीखाली, एखादा जुना लोखंडी नांगर पडलेला असेल. फाळ झिजलेला, बोल्ट गंजलेले, रुमण्याला कोंबड्या बसतात. ट्रॅक्टर आले, खिलारी बैल कमी झाले आणि हा नांगर भंगाराच्या वजनावर आला. पण एके काळी हाच नांगर घ्यावा की न घ्यावा, यावर आपल्या पणजोबांच्या चावडीत वाद होत होते. तो नांगर पहिल्यांदा कागदावर काढून, मग बिडात ओतून ज्या माणसाने शेतकऱ्याच्या हाती दिला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आज ओळख करून घेऊ.

हे नाव पंपावर आणि इंजिनावर वाचून आपल्याला पाठ आहे. पण कारखानदार होण्याआधी हा माणूस यंत्राचे चित्र काढणारा, म्हणजे यंत्राची रचना करणारा होता. आज ज्याला मेकॅनिकल डिझाईन म्हणतात, ते काम त्यांनी अशा काळात धरले, जेव्हा आपल्याकडे त्याला नावही नव्हते आणि त्यात पोट भरेल अशी कुणाला खात्रीही नव्हती. आपल्या गावातही एखादं पोरगं पुस्तक सोडून पंपाची मोटार खोलत बसतं. त्याच्या आईबापांनी आणि गुरुजींनी हे चरित्र जरूर वाचावे.

रंग दिसेनात, रेषा दिसल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला दोनच नाद, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. वडिलांना दोन्ही पसंत नव्हते. पण ज्येष्ठ बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची सोय केली आणि १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले.

दोन वर्षे बरी गेली. मग लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. डोळ्यांचा हा दोष जन्मजात असतो, त्याला औषध नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाचा रस्ता तिथेच बंद झाला. दुसरा कोणी घरी परतला असता आणि वडिलांचे म्हणणे खरे झाले असते. पण चित्रकलेबरोबर लक्ष्मणराव यंत्रांचे आरेखन, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, शिकत होते. तिथे रंगाचे काम नाही. रेघ सरळ हवी, माप बरोबर हवे आणि वस्तू डोळ्यांपुढे नसताना ती मनात फिरवून पाहता आली पाहिजे.

यंत्राचे ड्रॉइंग म्हणजे काय, ते थोडे समजून घ्या. घराचा नकाशा तुम्ही ग्रामपंचायतीत पाहिला असेल. तसेच एका वस्तूचे वरून, समोरून आणि बाजूने असे तीन देखावे काढतात. आतली रचना कळावी म्हणून ती मधोमध कापल्यासारखा छेदही दाखवतात. प्रत्येक भागावर माप घालतात. हा कागद सुतार, ओतारी, लेथवाला आणि फिटर या सगळ्यांची एक भाषा असतो. कागदावर चूक झाली तर खोडरबराने भागते. तीच चूक बिडात ओतली गेली तर भट्टीचा कोळसा आणि दिवसाची मजुरी वाया जाते.

या विद्येच्या बळावर लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता ते तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रे हाताळू लागले. कागदावरची रेघ आणि हातातले लोखंड यांची गाठ तिथे पडली.

नोकरी सोडली

दरम्यान १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. किर्लोस्कर बंधू या नावाची सुरुवात इथून झाली. त्या वेळी सायकल ही बड्यांची चैन होती. त्यामुळे धंदा लहानच राहिला, पण त्याने बेळगावात पाय रोवायला जागा दिली.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम आपण करायचे आणि कातडी पाहून मान दुसऱ्याला मिळायचा, हे त्यांना सोसले नाही. १८९७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बंधूंनो, हा निर्णय आज वाचायला सोपा वाटतो. मुंबईची पक्की नोकरी, दरमहा हातात पडणारा पगार, तो सोडून सायकलच्या दुकानात परत येणे म्हणजे नातेवाइकांच्या तोंडी विषय होणे. इतका शिकून पोरगा गावी परत आला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही प्रत्येक गावात आहेत.

बेळगावात त्यांनी लहानसे वर्कशॉप टाकले. सुरुवातीला पवनचक्क्यांच्या विक्रीचाही प्रयत्न केला. पण लवकरच त्यांचे लक्ष शेतकऱ्याच्या दावणीकडे आणि शेताकडे वळले. पहिले यंत्र झाले कडबा कापण्याचे. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि धाटे तुडवते. बारीक केला की वाया कमी जातो. आजची कडबाकुट्टी तुम्हाला माहीत आहे, हा तिचाच पूर्वज.

लाकडी आणि लोखंडी नांगरात फरक काय?

त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. इथे स्पष्ट सांगितले पाहिजे की लोखंडी नांगराची कल्पना लक्ष्मणरावांची नव्हती. परदेशात असे नांगर कितीतरी आधीपासून चालत होते आणि आपल्याकडे आयातही होत होते. लक्ष्मणरावांनी तो इथे, इथल्या कारागिरांच्या हातून, इथल्या बैलासाठी आणि जमिनीसाठी बनवायचे मनावर घेतले.

आपला जुना लाकडी नांगर बाभळीचा, टोकाला लोखंडी फाळ. तो जमीन उकरतो, पण पलटत नाही. त्याचे तास इंग्रजी व्ही अक्षरासारखे, वर रुंद आणि खाली निमुळते पडते. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला वरंबा शिल्लक राहतो. म्हणून आडवी-उभी पाळी घालावी लागते. हरळी आणि कुंद्याच्या खोल गेलेल्या मुळ्यांना तर तो धक्काही लावत नाही.

लोखंडी नांगराचा फाळ माती खालून आडवी कापतो आणि त्याच्या मागचा वळणदार पंख ती उचलून कुशीवर पालथी घालतो. वरचे गवत खाली गाडले जाते आणि खालच्या मुळ्या उन्हाला येतात. उन्हाळ्यात अशी नांगरट झाली की ढेकळे तापतात, तणाच्या मुळ्या आणि किडींचे कोष उघडे पडतात आणि पहिला पाऊस जमिनीत जिरतो. आम्ही विस्तार कर्मचारी गावोगाव जी खोल नांगरट सांगत फिरतो, तिचा पाया हाच.

पण हा पंख बनवायचा कसा, यातच डिझाईनची सगळी कसोटी आहे. वळण फार उभे ठेवले तर माती जोरात फेकली जाते आणि बैलांना ओढ जड होते. वळण फार सपाट ठेवले तर ओढ हलकी होते, पण माती पुरती पलटत नाही. काळी जमीन ओली असली की पंखाला चिकटते. फाळ मऊ असला तर चार दिवसांत बोथट होतो, कडक असला तर दगडाला लागून तुटतो. एक साधायला जावे तर दुसरे बिघडते. यांतून मधला मार्ग काढणे म्हणजेच यंत्राची रचना करणे. आणि तो मधला मार्ग शेवटी शेतातच कळतो, टेबलावर नाही.

दोन वर्षे एक नांगर खपेना

नांगर तयार झाले, पण गिऱ्हाईक मिळेना. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा लोकांचा समज होता.

हा किस्सा शहरातले लोक हसून सांगतात. आपले वाडवडील अडाणी होते, असा त्याचा रोख असतो. मला तो पटत नाही. विषाची भीती चुकीची होती, हे खरे. पण तिच्या मागे दुसऱ्या अडचणी होत्या, त्या तुम्ही लगेच ओळखाल. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा आणि त्याचे बलुते सुगीत धान्याने भागायचे. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. लाकडी नांगर मोडला तर सुतार दारात हजर. बिडाचा भाग तडकला तर गावचा लोहार काय करणार? बीड ठोकून वाकत नाही, ते फुटते. शिवाय खोल नांगरटीला बैल जास्त लागतात. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने ते आणायचे कुठून? नांगरणीच्या मोसमात आठ दिवस नांगर बंद पडला तर वर्षाचे पीक जाते. हा धोका शेतकऱ्याने घ्यायचा होता, कारखानदाराने नाही.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात योजनेतून टोकण यंत्रे आली. आम्ही प्रात्यक्षिक घेतले, फोटो काढले. पुढच्या हंगामात पाहतो तर यंत्रे गोदामात धूळ खात पडलेली. मी आधी शेतकऱ्यांनाच दोष दिला. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला यंत्र उलटे करून दाखवले. बी पाडणारी तबकडी आमच्या भागातल्या बियाण्याच्या मापाची नव्हती आणि दुसरी तबकडी तालुक्यात कुठेही मिळत नव्हती. त्या दिवशी मला लक्ष्मणरावांची दोन वर्षे खऱ्या अर्थाने समजली. शेतकरी नाही म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा यंत्रातली एखादी उणीव सांगत असतो. ती ऐकायला बसणारा माणूस मात्र पाहिजे.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावे ठेवून धंदा बंद केला नाही. नांगर करणे चालूच ठेवले. हळूहळू शेजाऱ्याचे पाहून शेजारी घेऊ लागला. झिजणारा भाग बोल्ट काढून बदलता येतो, सुटा फाळ विकत मिळतो, हे दिसले की निम्मी भीती जाते. लोखंडी नांगराने जमीन नासली नाही, उलट हरळी हटली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

जम बसू लागला तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडावी लागली. भट्टी आणि लेथ काही बैलगाडीत घालून उद्या दुसरीकडे मांडता येत नाहीत. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची वेळ आली.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग न दिसल्याने चित्रकला सुटलेला माणूस आणि रंगात रमलेला राजा, अशी ही जोडी. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे काय, तर उजाड माळ, निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट. पिकाला नालायक, पण रेल्वेला लागून. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायला आणि तयार नांगर धाडायला हीच सोय मोलाची होती.

१९१० च्या मार्च महिन्यात तिथे वस्ती सुरू झाली. हीच आजच्या सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचे नावही तेच झाले. निवडुंग तोडून आधी घरे आणि शेड उभ्या केल्या. रामुअण्णांनी वसाहतीचा संसार सांभाळला. शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी यांच्यासारखे सहकारी लाभले; त्यांतला एक यंत्रांचा जाणकार बनला, तर दुसऱ्याने व्यवस्थापन सांभाळले. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीला ठेवले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक घातला. त्या काळी गावागावात पाणवठे वेगळे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दंडकाची किंमत कळते.

तोफांचे नांगर झाले

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येणे घटले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण तेच युद्ध कच्चे लोखंड आणि कोळसाही अडवू लागले. मागणी दारात आणि भट्टी थंड, अशी स्थिती आली. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडातून गोळे सुटत होते, त्यातून फाळ तयार झाले.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक काढले. कारखान्याच्या बातम्यांपासून सुरू झालेले हे पत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरात गेले. चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि परत येऊन कारखान्याला लागले.

उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असे एकेक उत्पादन वाढत गेले. १९२६ मध्ये सेंट्रीफ्यूगल पंप तयार झाला. मोटेला बैल जुंपून पाणी काढणाऱ्या शेतकऱ्याला हा पंप म्हणजे काय होता, हे ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांनाच कळेल. पुढे घराण्याचा पसारा हरिहर, पुणे आणि बंगळूरपर्यंत गेला. लेथ, तेलावरची इंजिने, विजेच्या मोटारी होऊ लागल्या. तो इतिहास मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही.

उतारवयात एक घाव मात्र जबर बसला. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावरचा निवडुंग तोडून त्यांनी वाडी वसवली, तिथेच राख पाहायची पाळी आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी जगाचा निरोप घेतला. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपण काय घ्यायचे?

बंधूंनो, प्रत्येकाने कारखाना काढावा, असे मी म्हणत नाही. ते बोलायला सोपे आणि करायला अवघड. लक्ष्मणरावांना भाऊ भेटला, राजा भेटला, असे सर्वांना भेटत नाही. पण दोन गोष्टी प्रत्येक घराला लागू आहेत.

पहिली, मुलाच्या हाताचा कल ओळखा. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात मेकॅनिकलची तीन वर्षांची पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर राहुरीला किंवा अकोल्याला कृषी अभियांत्रिकीची पदवी घेता येते आणि तिथे तर शेतीच्या अवजारांचाच अभ्यास असतो. आज ड्रॉइंग संगणकावर निघते, हे खरे. पण संगणक रेघ काढून देतो, कुठली रेघ काढायची ते सांगत नाही. त्यासाठी नांगराच्या मागे चाललेले पाय लागतात आणि ते आपल्या मुलांकडे आहेत. चांगला गुणपत्रक कागद नसला तरी चांगला हात असलेली पोरं नुसती कारकुनीच्या जाहिराती पाहत वय घालवतात, याचे वाईट वाटते.

दुसरी, एखादे अवजार पटले नाही तर गोदामात टाकून गप्प बसू नका. काय अडते ते बोला. दाता लांब आहे, ओढ जड आहे, सुटा भाग मिळत नाही, जे असेल ते ग्रामसभेत मांडा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला लिहून द्या. आम्हीही ते वर कळवले पाहिजे. आम्ही नुसते वाटपाचे आकडे भरतो आणि तुम्ही नुसती सही करता, अशाने अवजार सुधारत नाही.

आणि तो गोठ्यामागचा नांगर भंगारवाल्याला घालण्याआधी एक करा. घरातल्या त्या खटपट्या पोराला बोलवा. नांगर झाडून, तेल घालून त्याचे बोल्ट सोडवायला सांगा. फाळ कुठे बसतो, पंख कसा वळतो, हे त्याला हाताने चाचपू द्या. मग वहीवर तो वरून, समोरून आणि बाजूने काढायला सांगा. पट्टीने मापे घालायला लावा. चित्र बरोबर आले तर पोराचा कल कुठे आहे, ते तुम्हाला घरबसल्या कळेल.